काश्यप गोत्राची माकडे

सिंहपुच्छ माकडाचे पिल्लू पहिले नव्वद दिवस जगले की पुढे बहुधा जगते, असा आमच्या बागेचा अनुभव होता. मी तिथे व्यवस्थापक म्हणून रुजू झाल्यावर दोन पिल्ले त्या नव्वद दिवसांच्या आत गेली. माझ्या आधीच्या दोन वर्षांत आणखी दोन गेली होती. लागोपाठ चार.

ही बाग कुंभकोणमहून पापनाशमला जाणाऱ्या रस्त्यावर, गावाची वस्ती संपते तिथे, सुपारीच्या सावलीत होती. एका मिरासदाराने हौसेने काढलेली, पुढे विश्वस्तांकडे आलेली खासगी बाग. हरणे, मोर, दोन अस्वले आणि एक म्हातारी मगर. पण लोक येत ते माकडांसाठी. या माकडाचे अंग काळेभोर, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. पश्चिमेकडच्या दाट डोंगररानातून एक नर आणि तीन माद्या मूळ मालकाने आणल्या होत्या. मी आलो तेव्हा त्या गोष्टीला पंचवीस वर्षे झाली होती आणि गटात नऊ जीव होते.

त्यापूर्वी मी चार वर्षे मद्रासला एका वर्तमानपत्रात होतो. वडील आजारी पडले म्हणून गावी परतलो. विश्वस्तांना प्राण्यांतला माणूस हवा नव्हता, नोंदी लिहिणारा हवा होता. मला माकड आणि वानर यांतला फरकही तेव्हा ठाऊक नव्हता. तो कालियप्पनने शिकवला. कालियप्पन माकडांचा राखणदार. पंचेचाळिशीचा, बुटका, बोलण्यात तिखट. आम्हा तंजावरी मराठ्यांना इथले तमिळ लोक ‘रायर’ म्हणतात. माझे नाव सेतू, पण तो मला रायर म्हणे आणि त्या शब्दात आदर किती आणि थट्टा किती, हे त्या त्या दिवसावर असे.

या कामाची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते, म्हणून थोडे सांगतो. या माकडांच्या एका गटात बहुधा एकच कर्ता नर असतो आणि सगळी पिल्ले त्याची. रानात तरणे नर गट सोडून जातात आणि परक्या गटात शिरतात. त्यामुळे रक्त आपोआप फिरत राहते. पिंजऱ्यात हे फिरणे माणसाला करावे लागते. नर किती वर्षे ठेवायचा, त्याच्या मुली वयात येण्याआधी त्याला कुठे हलवायचा, त्याच्या जागी कुणाला आणायचे. बाहेरून पाहणाऱ्याला केळी टाकणारा राखणदार दिसतो. खरे काम वहीत चालते.

तरी पहिल्या दोन मृत्यूंसाठी मी वहीकडे पाहिले नाही. मी वड्यांकडे पाहिले.

शनिवारी मारुतीला वड्यांची माळ घालण्याची आमच्याकडे चाल आहे. देवळातून निघालेले भाविक उरलेले वडे घेऊन थेट बागेत येत आणि जाळीतून आत टाकत. दारासुरम्‌चा एक रेशमी विणकर तर दर शनिवारी एकवीस वडे मोजून आणी. मी त्याला अडवले, तेव्हा त्याने शांतपणे विचारले की मारुतीला पचतात ते याच्या पोरांना कसे पचत नाहीत. मी तरी वडे बंद केले. प्रवेशद्वारापाशी टोपली ठेवली. टोपलीतले वडे कालियप्पनच्या घरी जात आणि त्याची पोरे ठणठणीत असत, हे त्याने मला दोनदा ऐकवले.

वडे बंद झाल्यावरही आषाढात चौथे पिल्लू गेले. दहाएक आठवड्यांचे होते. मान धरत नव्हते. शवाची तपासणी गुरांच्या डॉक्टरांनी केली आणि ‘अशक्तपणा’ असे लिहिले. त्याआधीच्या पिल्लाच्या वेळी ‘थंडी’ असे लिहिले होते आणि खाली मी सही केली होती. कुंभकोणमला थंडी कसली पडते, हे वर्तमानपत्रात चार वर्षे काढलेल्या माणसाने तरी विचारायला हवे होते.

त्या आठवड्यात अध्यक्षांनी बोलावले. अध्यक्ष नटेश मुदलियार साठीचे गृहस्थ, शेतीवाडीचे मालक, फार बोलत नसत. त्यांनी सांगितले की दर वर्षी मेलेली पिल्ले पाहायला लोक येत नाहीत. एका सर्कशीच्या व्यवस्थापकाने माकडे मागितली आहेत. पोंगलनंतर तो गाडी घेऊन येईल आणि निवडून नेईल. उरलेली इकडेतिकडे देऊ.

मी हे कालियप्पनला सांगितले. त्याने केळीचा घड खाली ठेवला आणि विचारले, “निवडून म्हणजे?”

त्याचा प्रश्न रास्त होता. सर्कशीला तरणी माकडे हवी असतात. आई इथे, मुलगी तिथे, नर तिसरीकडे. गट मोडला की ही माकडे खात नाहीत, काही महिन्यांत संपतात. कालियप्पनने एकवीस वर्षे त्या नऊ जणांत काढली होती. थोरल्या मादीला, अक्काला, त्याने तिच्या बालपणापासून पाहिले होते. तो एवढेच म्हणाला, “रायर, तुम्हाला लिहायला ठेवलंय ना? मग आता लिहून काय होतं ते बघा.”

गुरांचे डॉक्टर पापनाशमच्या बाजूचे शेतकरी कुटुंबातले. तपासणीचा कागद देऊन निघताना ते सहज म्हणाले की आमच्याकडे आपल्याच गाईचा गोऱ्हा आपल्या कळपात वळू म्हणून कोणी ठेवत नाही. वासरे बारीक निघतात. मी त्या दिवशी पहिल्यांदा जुनी नोंदवही मांडीवर घेतली.

वही वेंकोबारावांच्या हातची होती. वेंकोबाराव माझ्या आधीचे कारभारी. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त होऊन गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या देवळाजवळ राहत आणि भजनात टाळ धरत. त्यांनी सगळी वही मोडी लिपीत आणि आमच्या घरांत बोलतात त्या जुन्या मराठीत ठेवली होती. अक्षर मोत्यासारखे. रकाने चार: नाव, बाप, जन्म, गोत्र.

होय, गोत्र. वेंकोबाराव विनोद करणारे गृहस्थ नव्हते. नर बदलताना सोयरीक जुळवावी लागते आणि सोयरीक गोत्र पाहिल्याशिवाय होत नाही, इतका त्यांचा सरळ हिशेब होता. ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप, ही शास्त्रातली सोय. म्हणून रानातून आलेली आमची चार माकडे काश्यप. पहिल्या नराचे, राजाचे, सगळे वंशज काश्यप. मलबारच्या बाजूला एका संस्थानिकाच्या प्राणिसंग्रहालयाशी आमची देवघेव होती, त्या घराला त्यांनी भारद्वाज गोत्र दिले होते. राजा मेल्यावर त्यांनी तिथूनच नवा नर आणला. नाव शेखर, गोत्र भारद्वाज. वहीत समोर लिहिले होते: ‘सोयरीक उत्तम.’

मी आधी हसलो, मग विचार केला तेव्हा पद्धत वाईट वाटली नाही. युरोपातल्या बागांतही घराण्यांच्या वह्या ठेवतात. वेंकोबारावांनी आपल्या परीने तेच केले होते. वहीवरून एक गोष्ट उघड झाली. शेखर दहा वर्षे गटात होता आणि त्याची मुलगी चेल्लम वयात आली होती. मेलेल्या चार पिल्लांपैकी दोन चेल्लमची. बाप आणि लेक. त्यांचे कारण सापडले.

पण उरलेली दोन अक्काची होती. अक्का राजाची मुलगी, काश्यप. शेखर बाहेरचा, भारद्वाज. यांची पिल्ले धडधाकट निघायला हवी होती. ती का मेली?

बातमीत दोन बाजूंपैकी एक जुळत नसेल तर आमचे वृत्तसंपादक कागद परत फेकत आणि म्हणत, कुणाला विचारायचे राहिले ते शोध. मी रकाने पुन्हा वाचले. नाव, बाप, जन्म, गोत्र. पंचवीस वर्षांच्या त्या वहीत एकाही माकडाच्या आईचे नाव नव्हते.

मी मलबारला पत्र लिहिले. एकच प्रश्न: शेखरची आई कोण? पंधरा दिवसांनी कार्ड आले. इंग्रजीत दोन ओळी. शेखर, नर, इथे जन्मला. आई: ‘कुंभकोणम रंगी’.

रंगी आमच्या वहीत होती. ‘रंगी, राजाची लेंक. भारद्वाजांचे घरीं दिली.’ आणि त्यापुढे आडवी रेघ.

वही आणि कार्ड घेऊन मी बसने गोविंदपुरम्‌ला गेलो. दुपारची वेळ, वेंकोबाराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी जेवणाचे विचारले, वडिलांचे विचारले, मग वहीकडे पाहून म्हणाले, “अजून माझें अक्षर वाचतां येतें म्हणायचें.”

मी रक्ताचे सांगू लागलो. डॉक्टरांचा वळू, बारीक वासरे, आईकडून अर्धे आणि बापाकडून अर्धे. ते ऐकत होते, पण पटत नव्हते. लेक दिली की ती त्या घरची होते, तिचे गोत्र बदलते, तिची मुले त्या घरची. शेखर भारद्वाज. यात चूक काय झाली, हे त्यांनी मला दोनदा पुसले. ‘विचारले’ला आमच्यात ‘पुसले’ म्हणतात.

मग मी वेगळ्या बाजूने गेलो.

“काका, अक्का आणि रंगी कोण कोणाच्या?”

“बहिणी. एका बापाच्या. अक्का थोरली.”

“शेखर रंगीचा मुलगा.”

“होय. कार्डावर आहे न.”

“मग अक्का शेखरची कोण लागते?”

अडकित्ता थांबला. त्यांनी बोटे मोजली नाहीत, मोजण्यासारखे काही नव्हते.

“मावशी,” ते म्हणाले. मग, “दहा वर्षें, सेतू. मी आपल्या हातें.”

मामाची मुलगी आमच्याकडे चालते. दक्षिणेत तर सख्खा मामाही चालतो. पण मावशी ही आई. तिथे वाद नाही. रक्ताचे अर्धे-पाव त्यांना अर्ध्या तासात पटले नव्हते, एका शब्दाने पटले. मी जिंकल्यासारखा बसलो होतो, हे मला आज आवडत नाही. चूक त्यांची पंचवीस वर्षांची होती, माझी दोन वर्षांची. दोघांच्या काळात पिल्ले दोन-दोन मेली. म्हणजे वेगात मीच पुढे होतो.

त्यांनी आतून लाकडी पेटी मागवली. तिच्यात बागेची जुनी पत्रे होती. त्यांतले एक काढून माझ्यापुढे धरले आणि दुसरीकडे पाहत बसले. अनामलैच्या पायथ्याशी एका कॉफीमळ्यावरच्या डॉक्टरांचे पत्र. सात वर्षांपूर्वीचे. रानात आई मेलेले एक नर पिल्लू मजुरांनी आणून दिले, ते आपण वाढवले, आता तीन वर्षांचे आहे, बागेला हवे तर न्यावे. पत्राच्या पाठीवर मोडीत वेंकोबारावांचा शेरा: ‘कुळ ठाऊक नाहीं. सबब काश्यप. सगोत्र होतें. नको.’

म्हणजे असे झाले होते. ज्याचे आमच्याशी रक्ताचे काही नाते असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, तो सगोत्र म्हणून परत गेला. आणि सख्खा भाचा परगोत्री म्हणून घरात आला. दोन्ही निर्णय शास्त्राला धरून होते.

“जिवंत असेल काय तें?” वेंकोबारावांनी विचारले.

जिवंत होता. डॉक्टरांनी उलट टपाली कळवले. नाव मुत्तू, दहा वर्षांचा, दातांना धार आली आहे, घरातल्यांना आता भीती वाटते, लवकर न्यावे.

आता प्रश्न मुदलियारांचा होता. पोंगलला चार महिने होते आणि चार महिन्यांत काही सिद्ध होणार नव्हते. नवा नर रुळायला वेळ, मग साडेपाच महिने गर्भ, मग नव्वद दिवस. मी त्यांच्याकडे रक्ताचा तक्ता नेला नाही. कालियप्पनला नेले. त्याने उभ्याउभ्या सांगितले की शेखर ज्यांच्याबरोबर नांदतो त्यांत एक त्याची मुलगी आहे आणि एक त्याची पेरियम्मा. आईच्या थोरल्या बहिणीला तमिळमध्ये पेरियम्मा, म्हणजे मोठी आई, म्हणतात. मुदलियारांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“माझ्या बागेत?” ते म्हणाले.

“तुमच्याच बागेत,” कालियप्पन म्हणाला. “आणि सर्कशीत गेली तर हे गावोगाव दाखवतील.”

मुदलियारांनी एक पोंगल सोडून पुढच्या पोंगलपर्यंत मुदत दिली. अट एकच, तोवर नव्वद दिवस ओलांडलेले एक तरी पिल्लू दाखवायचे. नाहीतर गाडी येईल.

भाद्रपदात मी आणि कालियप्पन मुत्तूला आणायला गेलो. सागवानी पेटीत घालून रेल्वेने आणले. परतीचा प्रवास दोन गाड्या बदलून, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. सगळीकडे सुखरूप. पापनाशमला गाडी थांबली आणि निघेना. गार्ड आमच्या डब्याच्या दाराशी येऊन उभा होता आणि आतून मुत्तूने फटीतून हात घालून त्याचे हिरवे निशाण ओढून घेतले होते. ते आयाळीवर ओढून तो स्वस्थ बसला होता. गार्डाने मला नियम सांगायला सुरुवात केली. कालियप्पनने त्याला बाजूला करून मुत्तूला एक पेरू दिला, मुत्तूने निशाण दिले, गाडी सुटली. रेल्वेच्या वेळापत्रकात या विलंबाचे कारण काय नोंदले गेले, हे मला कळले नाही.

महिनाभर त्याला वेगळे ठेवून रोग नाही ना हे पाहिले. मग शेखरला मागच्या पिंजऱ्यात हलवले आणि मुत्तूला गटाच्या शेजारी, मध्ये जाळी ठेवून, आणले. नवा नर एकदम गटात सोडत नाहीत. गटात तान्हे पोर असेल तर तो ते मारू शकतो आणि नसेल तर माद्या त्याला फाडू शकतात. आमच्या गटात तान्हे नव्हते. दुसऱ्या शक्यतेची तयारी होती. तिसरी कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

मुत्तूला आपण माकड आहोत हे ठाऊक नव्हते. तो जाळीकडे पाठ करून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना हात करी. डॉक्टरांच्या घरी त्याला पितळी वाटीत कॉफी मिळत असे, ती सकाळी सहाला आली नाही की तो वाटी आपटी. माद्यांनी ओठ फडफडवून ओळख विचारली तर तो दचकून कोपऱ्यात जाई. अकराव्या दिवशी त्याने जाळीतून बोटे घातली आणि अक्का कडाडून चावली. त्यानंतर तो जाळीच्या बाजूला फिरकेना. आठवडे जाऊ लागले.

मी दारावर पाटी लावायचा, पडदा घालायचा, मळ्यावरच्या डॉक्टरांना बोलवायचा विचार करत होतो. कालियप्पन म्हणाला, “रायर, हा माप्पिळ्ळै सासरी आलाय आणि आपण त्याच्याशी माहेरच्यासारखे बोलतो. बोलणं बंद करा.”

माप्पिळ्ळै म्हणजे जावई. त्या दिवसापासून मुत्तूशी बोलायचे नाही, त्याच्याकडे पाहायचे नाही, कॉफी बंद. त्या बाजूचा रस्ता लोकांना बंद केला. कालियप्पनने कुठूनसा अवेळचा एक फणस मिळवून उभा चिरला. अर्धा जाळीच्या या अंगाला बांधला, अर्धा त्या अंगाला, इतके लागून की गरे काढायचे तर तोंडासमोर तोंड यावे. दुसरे खाणे ठेवले नाही. पहिला दिवस मुत्तू उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आपल्या बाजूचे गरे काढत होती, तेव्हा तो तिच्यासमोर येऊन बसला आणि तिच्यासारखे काढू लागला. पाचव्या दिवशी अक्काने गरा चघळता चघळता जाळीतून हात घातला आणि त्याची आयाळ विंचरायला घेतली. त्याने डोळे मिटले. कालियप्पन सुपारीच्या झाडामागे उभा होता. त्याने मला खूण करून मागे जायला सांगितले.

दार उघडले त्या सकाळी आम्ही चौघे पाण्याचे पाइप धरून तयार होतो. आरडाओरडा झाला, चेल्लमने त्याच्या पाठीचा लचका तोडला, अक्का मधे पडली आणि मिनिटभरात सगळे शांत झाले. पाइप वापरावे लागले नाहीत. दुपारी मुत्तू गटाच्या मधोमध बसला होता आणि माणसांकडे त्याची पाठ होती.

शेखरबद्दल मला लिहिले पाहिजे. त्याला देण्यासारखी जागा आम्हाला मिळाली नाही. जिथे माद्या होत्या तिथे त्या त्याच्याच नात्यातल्या होत्या. तो मागच्या पिंजऱ्यात एकटा राहिला, आणखी सहा वर्षे. सकाळी तो गटाच्या दिशेने हाक घाली आणि पहिल्या काही महिन्यांत अक्का उत्तर देई. नंतर दिले नाही. त्याने काही चूक केली नव्हती. आम्ही नेऊन बसवले तिथे तो बसला होता.

पुढच्या ज्येष्ठात चेल्लम व्याली. मादी पिल्लू. पहिल्या तासातच त्याने आईच्या पोटावर दोन्ही हातांनी अशी मूठ आवळली की केस ताणले गेले. कालियप्पन म्हणाला, ही पकड आधीच्या चौघांत नव्हती. मी दर दिवशी सकाळी सातला पकड, दूध आणि मान अशा तीन नोंदी करू लागलो. तिसाव्या दिवशी पिल्लू मान उचलून पाहू लागले. सत्तराव्या दिवशी, ज्या वयात मागचे पिल्लू गेले होते, हे आईला सोडून फांदीवर लोंबकळले. चेल्लमने ओढून घेतले, ते पुन्हा निसटले.

नव्वदाव्या दिवशी वेंकोबाराव गोविंदपुरम्‌हून आले. वर्षभर त्यांनी बागेत पाऊल टाकले नव्हते. छत्री मिटून ते जाळीपाशी उभे राहिले. पिल्लू तेव्हा मुत्तूची शेपटी ओढत होते आणि मुत्तू ते चालवून घेत होता. वेंकोबारावांनी नोंदवही मागितली. मी नवी केली होती, रकाने पाच. त्यांनी चष्मा लावला, आईच्या रकान्यात मोडीत ‘चेल्लम’ लिहिले, बापाच्या रकान्यात ‘मुत्तू’. शेवटच्या रकान्याशी ते थांबले.

“गोत्राचा रकाना ठेवलास?”

“तुमच्यासाठी ठेवला, काका.”

“तर मग खोड तो,” ते म्हणाले. “आईची आई लिही तेथें.”

अट पुरी झाल्याचे सर्कशीच्या व्यवस्थापकाला कुणी कळवले नव्हते, म्हणून मुदत संपण्याच्या दिवशी तो ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. गाडीवर तीन रिकामे पिंजरे होते. मुदलियार स्वतः त्याला जाळीपाशी घेऊन गेले. मी आणि कालियप्पन मागे होतो. चेल्लमचे पिल्लू आता सात महिन्यांचे होते आणि उभ्या जाळीवर डोके खाली करून चढत-उतरत होते. व्यवस्थापक माणूस जाणता होता. त्याने पिल्लाकडे पाहिले, मुत्तूकडे पाहिले आणि म्हणाला की फार नकोत, एवढा नर आणि ही पिल्लाची आई द्या.

मुदलियार म्हणाले, “घरात बाळंतीण असताना आम्ही घरातल्या कुणाला बाहेर काढत नाही.”

व्यवस्थापक हसला. सात महिन्यांची बाळंतीण असते का, असे त्याने विचारले.

“ही नाही,” मुदलियार म्हणाले. “ती.”

त्यांनी काठी वरच्या फळीकडे केली. आदल्या दिवशी पहाटे अक्का व्याली होती. हे मी त्यांना कळवले नव्हते, कालियप्पनने सांगितले असणार. बावीस वर्षांची ती मादी फळीवर बसली होती आणि तिच्या छातीशी दोन काळ्या मुठी घट्ट दिसत होत्या. खालून इतकी माणसे पाहत आहेत, हे तिच्या लक्षात आले. तिने पोर पोटाखाली घेतले, आमच्याकडे पाठ केली आणि मुत्तू येऊन तिच्या आणि आमच्या मधे बसला.

व्यवस्थापकाने थोडा वेळ पाहिले. मग मुदलियारांना विचारले की इथे कॉफी चांगली कुठे मिळते.

मुदलियारांनी त्याला घरी नेले. गाडी रिकामी परत गेली.